गिरिराजाचा पट आणि व्हीआरचा चष्मा

कार्तिकी पौर्णिमेच्या सकाळी गावोगावचा श्वेतांबर मूर्तिपूजक संघ उपाश्रयातून वाजतगाजत निघतो आणि एखाद्या मोकळ्या जागी उभारलेल्या मंडपापाशी येऊन थांबतो. मंडपात शत्रुंजय गिरिराजाचा भव्य पट लावलेला असतो. पायथ्याची तळेटी, वळणे घेत वर जाणारी वाट, वाटेतील विसामे आणि कुंडे, नऊ टुंका आणि सर्वांत वर दादा आदिनाथांचे शिखर, असे सारे त्या कापडावर रंगवलेले असते. चातुर्मासात बंद असलेली गिरिराजाची यात्रा याच दिवशी पुन्हा सुरू होते. ज्यांना पालीताण्यास जाणे जमले ते प्रत्यक्ष चढतात; ज्यांना जमले नाही ते या पटासमोर चैत्यवंदन करतात, एकवीस खमासमणे देतात. वयस्कर श्राविका बोट उचलून नातवंडांना ‘ही जय तळेटी, हा हिंगळाजचा हडा, ही रामपोळ’ असे ओळीने सांगत जातात. त्यांचे बोट पटावर फिरत असते आणि मन पायऱ्या चढत असते.

घरबसल्या दूरचे स्थळ ‘अनुभवण्याची’ जी भाषा आज पर्यटनाच्या जाहिरातींत ऐकू येते, ती जैन घराला म्हणूनच अगदीच परकी नाही. आपल्या परंपरेने तर त्याही पुढची मजल मारली आहे. अष्टाह्निक पर्वात ज्या नंदीश्वर द्वीपाची पूजा होते, तेथे मनुष्याला जाताच येत नाही. मानुषोत्तर पर्वताच्या पलीकडे मनुष्याची गती नाही. आठव्या द्वीपावरील बावन्न जिनालयांची वंदना करण्यास देव जातात. मनुष्य मात्र दगडात, धातूत किंवा कापडावर त्या द्वीपाची रचना करून तेथूनच हात जोडतो. जेथे पाऊल पोहोचू शकत नाही तेथे दृष्टी आणि भाव पोहोचवण्याची ही युक्ती शतकानुशतकांची आहे.

आता या पटाला एक नवा वंशज आला आहे. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल रिॲलिटी, थोडक्यात व्हीआर म्हणतात. मराठीत आभासी वास्तव. डोळ्यांवर मोठ्या गॉगलसारखा हेडसेट बांधायचा आणि क्षणात आपण दुसरीकडे असतो. मान वळवली की तेथले दृश्य वळते, वर पाहिले की घुमट दिसतो, मागे पाहिले की आपण आलो ती वाट दिसते. काशी विश्वनाथाच्या परिसरात अशा चष्म्यातून आरतीचे दर्शन घडवण्याची सोय झाली आहे. तळेगावजवळ इंद्रायणीच्या काठी अमर प्रेरणा ट्रस्टने उभारलेले ‘अभय प्रभावना’ हे जैन तत्त्वज्ञानाचे विस्तीर्ण संग्रहालय नोव्हेंबर २०२४ मध्ये खुले झाले. सुमारे ५० एकरांवरील त्याच्या दालनांतही दृक्-श्राव्य आणि आभासी तंत्राचा मुबलक वापर आहे. लग्नसमारंभांत आणि व्यापारी प्रदर्शनांत तर हा चष्मा मुलांच्या करमणुकीचा भाग झाला आहे. आज ना उद्या प्रत्येक घरात प्रश्न येणार आहे: गुडघे गेलेल्या आजींना या चष्म्यातून शिखरजी दाखवले, तर त्यांची यात्रा झाली म्हणायची की नाही?

उत्तराकडे वळण्यापूर्वी हे यंत्र करते काय ते समजून घेतलेले बरे. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनांतून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व मांडले आणि दोन चित्रे दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवणारे स्टिरिओस्कोप नावाचे उपकरण केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांतून लोक त्या उपकरणात डोळे घालून इजिप्तचे पिरॅमिड आणि हिंदुस्थानातील मंदिरे पाहत. कंपन्या देशोदेशींच्या चित्रांचे संच ‘प्रवास’ म्हणून विकत, हे विशेष. पुढे १९३९ मध्ये आलेला व्ह्यू-मास्टर अनेक वाचकांनी लहानपणी हाताळला असेल. परदेशातून आलेल्या मामा-काकांनी आणलेल्या त्या खेळण्यातील गोल चकती खटकन फिरवली की नवे दृश्य येई.

१९७८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी ॲस्पेन या डोंगराळ गावाचे रस्ते मोटारीच्या टपावर कॅमेरे लावून टिपले. पडद्याला बोट लावून पाहणारा त्या गावात डावीकडे-उजवीकडे वळू शकत असे. तीच गल्ली हिवाळ्यातही पाहता येई. २००७ मध्ये आलेले गुगलचे स्ट्रीट व्ह्यू हे त्याच कल्पनेचे विराट रूप. भारतात ते २०२२ मध्ये नव्याने सुरू झाले तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही शहरे होती. परगावी स्थायिक झालेला मुलगा आपल्या पेठेतील दुकानाची पाटी मोबाइलवर शोधून बायकोला दाखवतो, तेव्हा तोही एका परीने आभासी पर्यटनच करत असतो.

आजचा हेडसेट व्ह्यू-मास्टरहून वेगळा ठरतो तो एकाच गोष्टीने. तो डोक्याची हालचाल मोजतो आणि दृश्य तत्काळ बदलतो. हा बदल सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत व्हावा लागतो. त्याहून उशीर झाला तर मेंदूला फसवणूक कळते आणि पोटात ढवळते. ज्यात फक्त मान फिरवता येते ती चित्रफीत आणि ज्यात वाकून, पुढे सरकून खांबाच्या मागे डोकावता येते ते दृश्य, या दोहोंत मोठा फरक आहे. तीर्थस्थळांच्या नावाने जे आज मिळते ते बहुतांशी पहिल्या प्रकारचे असते. कॅमेरा जेथे उभा होता तेथेच पाहणाराही उभा राहतो. रंगमंडपाच्या मध्यभागी खिळलेल्या माणसाला छताचे कमळ दिसते, पण कोपऱ्यातील शिल्पाजवळ जाता येत नाही. प्रथमच पाहणारे वृद्ध हात पुढे करून पायरी चाचपतात, काही जण मूर्ती समोर येताच पादत्राणे काढू लागतात. त्या क्षणी तेथे असल्याचा भास खरोखरच पक्का झालेला असतो. हे या यंत्राचे यश होय आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

त्रासही तितकाच खरा आहे. कॅमेरा चालत असेल, म्हणजे टिपणारा पायऱ्या चढत असेल आणि पाहणारा खुर्चीत बसला असेल, तर डोळे म्हणतात आपण चाललो आहोत आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते आपण स्थिर आहोत. बस घाटात लागते त्याच्या उलट हा प्रकार. परिणाम तोच, मळमळ आणि घाम. दुसरे असे की चित्रात गाभारा दूर असला तरी डोळ्यांचे भिंग एकाच ठरावीक अंतरावर केंद्रित राहते आणि बुबुळे मात्र जवळ-दूर वळत राहतात. त्यामुळे डोळे दुखतात. यंत्राचे ओझेही आहे. २०२३ मध्ये आलेला मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हेडसेट सुमारे ५१५ ग्रॅमचा आहे. ॲपलचा २०२४ मधील व्हिजन प्रो त्याहून जड असून अमेरिकेत त्याची किंमत ३,४९९ डॉलर ठेवण्यात आली. अर्धा किलो वजन चेहऱ्यावर बांधून सत्तरीतील मान किती वेळ ताठ राहील, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

म्हणून घरातील ज्येष्ठांना हा अनुभव द्यायचा असल्यास तो त्यांच्या बेताने द्यावा. हात असलेल्या खुर्चीत बसवावे, उभे कधीच करू नये. पहिल्या वेळी पाच-सात मिनिटे पुरेत. चालत्या कॅमेऱ्याची चित्रफीत टाळून एका जागेवरून टिपलेले स्थिर दृश्य निवडावे. नंबरचा चष्मा आत बसतो की नाही ते आधी पाहावे. कोणीतरी शेजारी बसून हात हातात ठेवावा, कारण डोळे झाकलेला माणूस घरातल्या घरात एकटा पडतो आणि अचानक घाबरतो. ज्यांना पेसमेकर बसवला आहे किंवा जे श्रवणयंत्र वापरतात त्यांच्याविषयी उत्पादकांनीच सावधगिरीची सूचना दिलेली असते, कारण अशा उपकरणांत चुंबक आणि रेडिओलहरी सोडणारे भाग असतात. तेथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनाही हेच लागू. लहान मुलांच्या बाबतीत मेटाने २०२३ पासून दहा वर्षांची वयोमर्यादा ठेवली आहे, ॲपलने तेराची. पाच वर्षांच्या नातवाच्या डोळ्यांवर तो चढवून कौतुकाने फोटो काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

हे झाले शरीराचे. यात्रेच्या हिशेबात मात्र शरीराची बाजू वेगळीच आहे. प्राचीन काळापासून संघ काढून पायी तीर्थास जाण्याचे जे नियम आहेत, त्या सहा ‘री’ वाचकांना ठाऊक असतीलच: एकाहारी, भूमिसंथारी, पादचारी, ब्रह्मचारी, सचित्तपरिहारी आणि आवश्यककारी. या सहांत ‘पाहणे’ कोठेही नाही. एकदाच जेवणे, जमिनीवर निजणे, पायी चालणे, संयम, सजीव वस्तूंचा त्याग आणि रोजची आवश्यक क्रिया. प्रत्येक ‘री’ यात्रेकरूकडून काही सोडवून घेते. हेडसेट यांपैकी एकही मागत नाही. पोट भरलेले असताना, गादीवर लोळत, मध्येच चहा मागवत तो वापरता येतो. शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरांची: नऊ चढण्याचे, नऊ टोंकांच्या फेरीचे, नऊ उतरण्याचे. मधुवनातून रात्रीच्या अंधारात काठी टेकत निघालेला यात्रेकरू वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीला नमस्कार करून दुपारी परततो तेव्हा त्याचे पाय बोलत असतात. चष्म्यातून हाच डोंगर वीस मिनिटांत संपतो आणि पाय गप्प राहतात. पालीताण्यास उतरून आल्यावर तळेटीला यात्रेकरूंच्या हाती भाते ठेवतात. साधे खाणे, पण त्या क्षणी त्याची गोडी ज्याने चाखली त्यालाच ठाऊक. ती गोडी पदार्थात किती आणि दमलेल्या जिभेत किती, हे सांगणे कठीण.

यावर कोणी म्हणेल, कष्ट कमी करण्याचे मार्ग आपण पूर्वीच स्वीकारले आहेत. हे खरे आहे. डोली पिढ्यान्‌पिढ्या आहे. गिरनारवर ऑक्टोबर २०२० पासून रोपवे चालतो आणि जेथे हजारो पायऱ्या चढाव्या लागत तेथील मोठा टप्पा काही मिनिटांत पार होतो. तेव्हाही कुजबुज झालीच होती. पण डोलीत बसलेल्या आजी आणि रोपवेतील आजोबा शेवटी त्या डोंगरावर असतात. तोच वारा त्यांच्या अंगाला लागतो, रांगेत ते संघासोबत उभे राहतात. वाहनाने वाट कमी केली, स्थळ बदलले नाही. हेडसेट वाट शून्य करतो आणि स्थळ आपल्या खोलीत आणतो. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

मग पटाचे काय? पटासमोरही कोणी सत्तावीस किलोमीटर चालत नाही. पट मान्य आणि चष्मा अमान्य, असे म्हणणे पक्षपाताचे होईल. येथे आपल्या आचार्यांनी सांगितलेली निक्षेपाची कल्पना फार उपयोगी पडते. कोणतीही वस्तू नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव अशा चार प्रकारे समजून घेता येते. मूर्ती किंवा पट ही स्थापना होय. या स्थापनेचेही दोन भेद केले आहेत: मूळ वस्तूसारखा आकार असलेली सद्भाव स्थापना आणि आकाराचे साम्य नसलेली असद्भाव स्थापना. गुरुमहाराज समोर नसताना ठवणीवर ज्या स्थापनाचार्यांसमोर क्रिया केली जाते, त्यांत बहुधा शंख-कवड्यांसारख्या वस्तू असतात. त्या आचार्यांसारख्या तिळमात्र दिसत नाहीत आणि तरीही त्यांच्यासमोर केलेली वंदना अपुरी मानली जात नाही.

व्हीआरचा सारा भर हुबेहूबपणावर आहे. अधिक स्पष्ट पडदा, अधिक खोली, अधिक खरा आवाज. आणि त्यामुळे अधिक दर्शन, असा त्याचा दावा. शंख-कवडी हा दावा शांतपणे बाजूला सारते. साम्य वाढले म्हणून स्थापना मोठी होत नाही आणि साम्य नसले म्हणून लहान होत नाही. पटावरचा डोंगर चपटा आहे, माणसे बोटाएवढी आहेत, मंदिरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात. कोणालाही तो डोंगर आहे असा भास होत नाही. आपण पटासमोर उभे आहोत हे ठाऊक असूनच श्रावक खमासमणे देतो आणि उरलेले अंतर स्वतः भरून काढतो. हेडसेटमध्ये भरून काढण्यासारखे काही उरतच नाही. सर्व काही आयते समोर आल्यावर मन पाहुण्यासारखे बसून राहते. ज्यांनी पूर्वी चार-पाच वेळा यात्रा केली आहे, त्यांचे मात्र तसे होत नाही. चष्म्यातील एखादा विसामा दिसताच त्यांना कोण्या साली कोण सोबत होते, कोठे पाऊस लागला होता, कोणी पाणी दिले होते हे आठवू लागते. त्यांच्यासाठी चित्र निमित्त असते. यंत्राची खरी किंमत कदाचित याच लोकांना आहे, ज्यांनी यात्रा केली आहे आणि आता करू शकत नाहीत.

आणखी एक फरक सहसा ध्यानात येत नाही. पटाच्या दर्शनाला साधू-साध्वी संघाबरोबर चालत येतात, मांगलिक होते, चतुर्विध संघ एकत्र उभा राहतो. विजेचा वापर न करणारे महाराज साहेब हेडसेट लावणार नाहीत. तो एका वेळी एकाच माणसाच्या डोळ्यांवर बसतो. शेजारी बसलेल्या सुनेला सासूबाई काय पाहत आहेत हे कळत नाही. मूर्तीच न मानणाऱ्या आपल्या स्थानकवासी बांधवांना तर हा सारा ऊहापोह दूरचा वाटेल. त्यांच्या दृष्टीने पट काय आणि पडदा काय, लक्ष सामायिकेकडे हवे. त्यांच्याही घरातील मुले हा चष्मा लावून सिंगापूर पाहत आहेत, हा भाग निराळा.

व्हीआरचा धाकटा भाऊ ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे संवर्धित वास्तव, हा मात्र तीर्थस्थळी अधिक सालस वागतो. तो डोळे झाकत नाही. प्रत्यक्ष स्थळी उभे राहून मोबाइल किंवा पडदा समोर धरायचा आणि समोर जे आहे त्यावर जे नाही तेवढे काढून दाखवायचे. फ्रान्समधील क्लुनी येथील मध्ययुगीन मठाचे भव्य चर्च क्रांतीनंतर जवळजवळ सगळे पाडले गेले. आज तेथे रिकाम्या जागी बसवलेल्या पडद्यातून पाहिले की नाहीशा झालेल्या कमानी आपापल्या जागी उभ्या दिसतात. वेरूळच्या जैन लेण्यांत, विशेषतः बत्तिसाव्या लेण्यातील इंद्रसभेत, छतावर रंगकामाचे अवशेष आहेत. त्या विटलेल्या रंगांवर मूळ रंगरेषांचा अभ्यासपूर्ण अंदाज मोबाइलमधून दाखवता आला, तर कैलास लेणे पाहून दमलेला आणि तिसाव्या लेण्यापर्यंत न पोहोचता परतणारा पर्यटक कदाचित तेवढे चालून येईल. मात्र जे दाखवले जाईल ते पुरातत्त्वाच्या पुराव्यावर उभे असावे. रंगाऱ्याच्या हौसेवर नव्हे.

वास्तूंचे लेसरने केलेले मोजमाप हे या तंत्राचे सर्वांत कमी बोलले जाणारे आणि सर्वांत मोलाचे अंग आहे. पाटणच्या राणी की वावचे असे मोजमाप २०११ मध्ये स्कॉटलंडमधील संस्था आणि साय-आर्क यांनी भारतीय पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने केले. (ही वाव जांभळ्या रंगाच्या शंभराच्या नोटेवर आपण रोज मोजतो.) पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चला एप्रिल २०१९ मध्ये आग लागली तेव्हा अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने काही वर्षांपूर्वी केलेले लेसर मोजमाप जीर्णोद्धारात कामी आले, डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा खुले झाले. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील भद्रेश्वरचे प्राचीन जिनालय उद्ध्वस्त झाले आणि ते नव्याने उभारावे लागले. विमा उतरवताना मालाची यादी जशी लागते, तशी दगडादगडाची यादी असणे किती गरजेचे आहे हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कोणी ट्रस्टी मंडळ व्हीआरसाठी पैसे खर्च करणार असेल, तर चित्रफितीपेक्षा हे मोजमाप आधी करून घेण्यात शहाणपण आहे.

खर्चाचा विषय निघालाच आहे. यंत्र देणगीतून येते. त्याचा सांभाळ देणगीतून येत नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य पर्यटक केंद्र मोठा निधी खर्चून उभे राहिले आणि पुढे वीज-पाण्याच्या थकीत देयकांमुळे ते बंद पडल्याच्या बातम्या आल्या. हेडसेटच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम तोडतात, दर माणसामागे तो पुसून घ्यावा लागतो, हाताळायला एक माणूस दिवसभर ठेवावा लागतो. नामफलक मात्र देणगीदाराचा, भिंतीवर कायमचा.

आपल्या समाजातील अनेकांची हॉटेले, लॉज आणि प्रवासी कंपन्या आहेत. त्यांच्यासाठी हा विषय थेट धंद्याचा आहे. खोली, जेवणघर, दर्शनाची रांग, चढणीची पायवाट हे सारे ग्राहकाला आधीच फिरवून दाखवता आले, तर वृद्ध आई-वडिलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला मोठा दिलासा मिळतो. लिफ्ट आहे की नाही, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, चोविहारची सोय किती वाजेपर्यंत, ही माहिती शंभर कौतुकांपेक्षा मोलाची. पण चौफेर टिपणाऱ्या भिंगाला एक खोड आहे. दहा बाय दहाची खोली त्यात दिवाणखान्यासारखी दिसते. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत कमी-अधिक मापे वापरणे आहे, तसाच ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे. म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणे. केशरात रंगवलेले तंतू मिसळणाऱ्याला जो नियम, तोच रुंद भिंगातून खोली विकणाऱ्याला. आणि ‘घरबसल्या संपूर्ण शिखरजी यात्रा, पुण्यलाभासहित’ अशी पावती फाडणाऱ्याला तर तो आधी लागू व्हावा. पट म्हणून दाखवले तर व्यवहार चोख आहे. यात्रा म्हणून विकले तर तो प्रतिरूपक.

शेवटी निर्णय तीर्थांच्या पेढ्यांवरच येणार आहे. देलवाड्याच्या मंदिरांत छायाचित्रणास मनाई आहे आणि तरीही, किंवा त्यामुळेच, तेथील छताच्या संगमरवरी कोरीवकामाची कीर्ती कमी झालेली नाही. इतर अनेक ठिकाणी गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही. नव्या तंत्राचे प्रस्ताव घेऊन येणारे लोक नेमके तेच मागतील: अंगरचना, प्रक्षाल, पहाटेचे पहिले दर्शन. टिपलेली सामग्री कोणाच्या मालकीची राहील, पूजेच्या दृश्याआधी कसली जाहिरात लागेल, करार संपल्यावर ती पुसली जाईल का, हे प्रश्न कागदावर येण्याआधी होकार देऊ नये.

शत्रुंजयावर तर परंपरेने सूर्यास्तानंतर कोणी मनुष्य थांबत नाही. दिवसभर गजबजलेला डोंगर संध्याकाळी रिकामा होतो, पुजारीही उतरतात. रात्री तेथे देव येतात अशी श्रद्धा आहे. चांदण्यात न्हालेल्या निर्मनुष्य शिखरांचे दृश्य टिपण्यासाठी एखादी कंपनी भरघोस रक्कम देऊ करेल, माणूस थांबणार नाही, फक्त कॅमेरा ठेवू, असेही म्हणेल. त्या दिवशी पेढीच्या बैठकीत काय ठरते, ते इतर सर्व तीर्थांची मंडळे लक्ष देऊन ऐकतील.